परसातले गार्लिक मस्टर्ड: दोन वर्षांच्या तणाचा बंदोबस्त कसा करावा

कांद्याचे बी धरणाऱ्याला द्विवर्षायू झाड समजावून सांगावे लागत नाही. पहिल्या हंगामात पात आणि कांदा. तोच कांदा पुन्हा लावला की थंडीनंतर दांडा येतो, गोंडा फुलतो, बी पिकते आणि झाड मरते. गार्लिक मस्टर्डचेही तसेच. युरोपातून आलेल्या या तणाची अमेरिकेतली पहिली नोंद १८६८ ची, लाँग आयलंडवरची. आज अमेरिकेच्या ईशान्य आणि मध्य-पश्चिम भागात, झाडांच्या सावलीतल्या परसात ते सर्रास दिसते. हरळी-लव्हाळ्यासारखे ते मुळांवाटे पसरत नाही, फक्त बियांनी वाढते. म्हणून बी धरू न देणे हेच खरे काम.

१. ओळख पटवा. पहिल्या वर्षी जमिनीलगत गोलाकार, कातरलेल्या कडांच्या पानांचा झुबका असतो आणि तो बर्फाखालीही हिरवा राहतो. दुसऱ्या वर्षी एप्रिल-मेमध्ये दोन-तीन फुटांचा दांडा चढतो, वर चार पाकळ्यांची पांढरी फुले. जंगली व्हायोलेटची पाने बरीच अशीच दिसतात, म्हणून पान चुरगळून पाहा: लसणाचा वास आला तर हेच.

२. दुसऱ्या वर्षाची झाडे आधी उपटा. पहिल्या वर्षाची कितीतरी रोपे आपोआप मरतात, त्यामुळे वेळ कमी असेल तर ती सोडा. पावसानंतर माती ओली असताना दांडा अगदी बुडाशी धरून सावकाश ओढा. मुळाला वरच्या बाजूला बाक असतो, हिसका दिला की ते तिथेच तुटते आणि उरलेल्या गड्ड्यातून नवे फुटवे येतात. माती कडक असेल तर खुरप्याने मूळ सैल करा. उकरलेली माती पायाने दाबून टाका, कारण मोकळ्या मातीत खाली दबलेले बी लगेच उगवते. सुरुवात तुरळक झाडांपासून करून दाट पट्ट्याकडे जा. नवा पसार आधी थांबतो.

३. उपटलेले तिथेच टाकू नका. बहुतेकांची चूक इथे होते. फुलावर आलेले झाड उपटल्यावरही त्यात बी पिकू शकते. घरच्या कंपोस्टचा ढीग ते बी मारण्याइतका तापेलच असे नाही. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधा आणि विल्हेवाटीचा स्थानिक नियम पाहा.

४. पट्टा मोठा असेल तर कापा. फुले उमलली असताना, शेंगा धरण्याआधी, अगदी जमिनीलगत. उंचावर कापल्यास बाजूने नवे दांडे फुटतात. शेंगा वाळल्यावर मात्र यंत्र अजिबात फिरवू नका, बी सगळीकडे उडते.

५. तणनाशक शेवटी. ग्लायफोसेट लेबलवरच्या प्रमाणात, शरद ऋतूच्या अखेरीस किंवा वसंताच्या आरंभी, पहिल्या वर्षाच्या झुबक्यांवर मारतात. तेव्हा भोवतालची बहुतेक रानफुले सुप्त असतात, पण जे काही हिरवे असेल ते या औषधाने मरते. वारा असताना फवारू नका.

६. पुन्हा फेरी मारा. दोन-तीन आठवड्यांनी चुकलेली झाडे फुललेली सापडतात. मातीतले बी पाच वर्षे किंवा त्याहून जास्त टिकते, तेव्हा दर वसंतात ही फेरी ठेवावीच लागते. एका वर्षाचा खंड पडला आणि थोडी झाडे पिकली, तरी प्रत्येकी शेकडो बिया पडून मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. काम झाल्यावर बुटांच्या तळव्यांतला चिखल तिथेच खरवडून काढा. हे बी चिखलातूनच पुढच्या वाफ्यात जाते.