उलट्या मताची ओढ वाटली की काय करावं

वादविवाद स्पर्धेच्या तयारीला बसलो की मी मुलांसमोर चिठ्ठ्या टाकायची, अर्ध्यांवर 'बाजूने', अर्ध्यांवर 'विरोधात'. नववीतली एक मुलगी चिठ्ठी उचलायच्या आधीच म्हणायची, "बाई, मला विरोधात द्या ना." का, विचारलं तर म्हणाली, "बाजूने काय बोलणार ते सगळ्यांना माहीतच असतं. विरोधात उभं राहिलं की मागच्या बाकावरचीसुद्धा मान वर करतात."

तिने अगदी खरं सांगितलं होतं. मोठ्यांचंही असंच असतं. पंगतीत कुणी "सगळे म्हणतात तसं नाहीये बरं का" असं सुरू केलं की घास थांबतात. बोलणाऱ्याला दोन सुखं मिळतात: लोक आपल्याकडे बघतात, आणि इतरांना न कळलेलं आपल्याला कळलं असं वाटतं. मत तपासायच्या आधीच ही दोन्ही सुखं पदरात पडलेली असतात, आणि घोटाळा तिथेच होतो. ही ओढ वाईट आहे असं मी म्हणणार नाही. ती नसती तर बालविवाहाविरुद्ध कुणी तोंड उघडलं नसतं. तिला कामाला कसं लावायचं, एवढंच मला सांगायचं आहे.

आधी बघा, तुम्ही कुणासमोर बोलताय. आमच्या कऱ्हाडजवळच्या टेंभूचे आगरकर १८८१ साली 'केसरी'चे पहिले संपादक झाले. कोल्हापूरच्या दिवाणांनी भरलेल्या अब्रुनुकसानीच्या खटल्यात टिळकांबरोबर त्यांनी १०१ दिवस डोंगरीचा तुरुंग भोगला. सामाजिक सुधारणांवरून त्याच मित्राशी मतभेद झाले तेव्हा त्यांनी 'केसरी' सोडला आणि १८८८ मध्ये 'सुधारक' काढला. ते आपल्याच माणसांविरुद्ध बोलले, आणि त्या माणसांनी जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली. आपण मात्र पुष्कळदा दूरच्या कुणाविरुद्ध बोलतो आणि जवळचे पाठ थोपटतात. ती टोळीची री ओढणं झालं. तुमच्या मताने तुमच्याच घरात, तुमच्याच मित्रांत कुणी अस्वस्थ होतंय का? होत नसेल तर स्वतःला बंडखोर समजू नका.

मग वहीचं पान उभं दुमडा. डावीकडे आपलं म्हणणं, उजवीकडे समोरच्याचं. उजवी बाजू अशी लिहायची की समोरच्याने वाचून म्हणावं, "हो, मला हेच म्हणायचं होतं." हे घरी बसून जमत नाही. एका वर्षी विषय होता 'गावच्या जत्रेवरचा खर्च थांबवावा'. जत्रेवर जीव टाकणाऱ्या गावात असं म्हणणं म्हणजेच विरोध, म्हणून त्या मुलीने हीच बाजू हौसेने घेतली. मी तिला जत्रेत बांगड्या विकणाऱ्या कासारणीकडे पाठवलं. ती बाई तिला म्हणाली, "ह्या चार दिवसांच्या पैशात माझ्या दोन्ही पोरांची वह्या-पुस्तकं येतात." मुलगी परत आली ती गप्पच. संध्याकाळी तिने भाषणाची तीन पानं खोडली. स्पर्धेत ती डीजे आणि फटाक्यांवरच्या वर्गणीवर बोलली, दुकानांना तिने हात लावला नाही. मत आकाराने लहान झालं, पण परीक्षकांनी कितीही प्रश्न विचारले तरी जागचं हललं नाही. तपासलेलं उलटं मत बहुतेक वेळा असंच आक्रसतं. तपासूनही तुमचं मत जसंच्या तसं भव्य राहिलं तर मला शंका येईल.

तिसरं, आणि मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं ते: मत चुकलं तर किंमत कोण मोजणार? र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. तेव्हा त्या विषयाचा उच्चारही लोकांना चालत नव्हता. प्राध्यापकाची नोकरी गेली. १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवलं. त्यातल्या मजकुरावरून झालेल्या १९३४ च्या खटल्यात डॉ. आंबेडकर त्यांचे वकील होते, तरीही दंड झालाच. सगळी झळ कर्व्यांच्या घराला लागली. आता दक्षिण आफ्रिका बघा. २००० च्या सुमारास राष्ट्राध्यक्ष थाबो म्बेकी मूठभर शास्त्रज्ञांच्या नादी लागले. एचआयव्हीमुळे एड्स होत नाही, सगळं जग चुकतंय, असं ते शास्त्रज्ञ म्हणत. सरकारी दवाखान्यांत औषधं पोचायला उशीर झाला. हार्वर्डच्या संशोधकांनी २००८ मध्ये अंदाज काढला: ३ लाख ३० हजारांहून अधिक माणसं वाचू शकली असती. त्यांना कुणी विचारलं होतं?

सोसलं म्हणून मत खरं ठरत नाही, हेही सांगते. सोसण्यावरून माणसाची निष्ठा कळते, मताचा खरेपणा पुराव्यावरूनच ठरतो. पण ज्या मताची किंमत दुसऱ्याचं लेकरू मोजणार आहे, त्याचा पुरावा दहापट कडक मागा. नाही मिळाला तर बोलू नका.

हे मी स्वतः चुकून शिकले. एका शिबिरात ऐकून आले की पाढ्यांची घोकंपट्टी मुलांना मारते. मला ते इतकं पटलं, आणि स्टाफरूममध्ये सगळ्यांविरुद्ध ते मांडताना इतकं बरं वाटलं, की पाचवीच्या वर्गात वर्षभर पाढे म्हणून घेतले नाहीत. फेब्रुवारीत एक मुलगी भागाकार करत होती. सात आठे किती, ते पाटीच्या कडेला रेघा ओढून मोजायला लागली. मोजून छप्पन्न आले, तोवर गणित काय होतं तेच विसरली. पुसलं, पुन्हा रेघा. तिसऱ्यांदा तिने पाटी पालथी ठेवली आणि माझ्याकडे बघितलं.

एप्रिलच्या पालकसभेत मी उभी राहिले आणि म्हटलं, "माझं चुकलं. तुमच्या मुलांचं वर्ष त्यात गेलं. सुट्टीत सकाळी आठ वाजता वर्ग उघडा ठेवते, पाठवा." पहिल्या दिवशी अकरा मुलं आली. ती रेघा ओढणारी मुलगी सगळ्यांत पुढे बसली होती. आम्ही बेपासून सुरुवात केली.