पालक उगवत नाही? पाणी वाढवू नका, कमी करा

ज्यांचा पालक उगवत नाही त्यांना हमखास मिळणारा सल्ला म्हणजे 'पाणी वाढवा'. हाच सल्ला ऐकून मी ओळीने तीन हंगाम बी कुजवलं. पालक एकदा चार पानांवर आला की त्याला फार काही लागत नाही. घोळ होतो तो पहिल्या दहा-बारा दिवसांत, म्हणून या लेखात सगळ्यात जास्त जागा बी रुजवण्याला दिली आहे. बाकीचं थोडक्यात उरकते.

बी ओळखून घ्या

'पालक' या एकाच नावाखाली दोन वेगळ्या भाज्या येतात. एक खरा पालक, स्पिनेशिया ओलेरेशिया. दुसरा बीटाच्या जातीतला, म्हणजे बीटा व्हल्गॅरिस. दुसऱ्याचं बी बुचासारखं खडबडीत, गाठीगाठींचं असतं. एका गाठीतून दोन-तीन रोपं एकदम निघतात आणि ती ऊन बऱ्यापैकी सोसतात. खऱ्या पालकाचं बी त्यामानाने गुळगुळीत, गोल किंवा बारीक काट्यांचं असतं आणि त्यातून एकच रोप येतं. मी इथे सांगते ते खऱ्या पालकाबद्दल. एकाचे नियम दुसऱ्याला लावले की फसगत ठरलेली. बी ताजं घ्या. दोन-तीन वर्षं डब्यात पडून राहिलेल्या बियाच्या भरवशावर कुंडी अडवून ठेवू नका.

कुंडी आणि माती

निचरा चांगला होईल अशी भुसभुशीत माती, भरपूर कुजलेलं खत, किमान २० सेंमी खोल कुंडी. आंबट माती पालकाला अजिबात मानवत नाही, सामू ६.५ ते ७.५ च्या दरम्यान हवा. मूळ सोटमूळ असल्यामुळे रोपं उपटून दुसरीकडे लावायच्या फंदात पडू नका. जिथे वाढवायचं तिथेच पेरा.

बी रुजवणं

पालक मूळचा पर्शियाकडचा. तिथून निघून ६४७ साली तो नेपाळमार्गे चीनला पोचला आणि चिनी लोक त्याला 'पर्शियाची भाजी' म्हणू लागले. पुढे जगभर पसरला, पण थंडीचा स्वभाव त्याने सोडला नाही. मातीचं तापमान १० अंश सेल्सियस असेल तर बी उगवायला साधारण १२ दिवस लागतात, २० अंशांना सहा-सात दिवस. हे आकडे पाहून माणसाला वाटतं, माती जितकी उबदार तितकं बरं. तसं नाही. ऊब वाढते तसे दिवस कमी होतात, पण उगवणाऱ्या बियांची संख्याही घसरत जाते. गार मातीत दहातल्या आठ-नऊ बिया येतात, ३० अंशांना निम्म्याही येत नाहीत आणि ३५ ला जवळजवळ काहीच येत नाही.

आता पाण्याचं. आपण ज्याला पालकाचं बी म्हणतो ते खरं तर वाळलेलं फळ असतं. खरं बी आत आणि बाहेर टणक कवच. या कवचात उगवण रोखून धरणारी द्रव्यं असतात. शिवाय कवच सतत चिंब राहिलं की आतल्या बियापर्यंत हवा पोचत नाही. रुजणाऱ्या बियाला प्राणवायू लागतो, आणि माती गरम असेल तर तो आणखी जास्त लागतो. म्हणून गरम आणि चिखल झालेली माती हा पालकासाठी सगळ्यात वाईट मेळ आहे. तिथे बी तहानेने मरत नाही, गुदमरून मरतं.

हे मला कळलं ते तिसऱ्या हंगामात कुंडी उकरल्यावर. पाच-सहा बिया हाताला लागल्या. वरून कवच जसंच्या तसं, मला वाटलं अजून वेळ आहे. नखाने एक फोडली तर आत राखाडी लगदा आणि नाकाला झोंबणारा कुजका वास. दुसरी, तिसरी, सगळ्या तशाच. माती मुठीत दाबली तर बोटांमधून पाणी ठिबकलं. मी रोज सकाळ-संध्याकाळ प्रेमाने घातलेलं पाणी होतं ते.

तेव्हापासून मी बी आधी फडक्यात रुजवते आणि मगच मातीत घालते. रीत अशी. रात्री बी साध्या, गार पाण्यात भिजत घाला. सकाळी ते पाणी फेकून द्या, बी एकदा ताज्या पाण्याने खळबळून घ्या. कवचातली उगवण रोखणारी द्रव्यं बरीचशी या पाण्याबरोबर जातात. भिजवणं रात्रभरच पुरे, २४ तासांच्या वर तर मुळीच नको. 'दोन दिवस भिजू द्या', 'कोमट पाण्यात टाका' असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. दोन दिवस पाण्यात म्हणजे दोन दिवस हवेशिवाय.

भिजलेलं बी कापडावर पसरून वरचं पाणी सुकू द्या. मग सुती फडकं ओलं करून पिळा. पुन्हा पिळा. चिमटीत दाबल्यावर थेंब निघाला तर तिसऱ्यांदा पिळा. या पायरीला घाई केलीत तर पुढची सगळी मेहनत वाया जाते, म्हणून हे इतकं बजावून सांगते आहे. बी त्यात एका थरात पसरा, घडी घाला, डब्यात ठेवा, झाकण सैल ठेवा आणि डबा फ्रीजमध्ये ठेवून द्या. बर्फाच्या कप्प्यात नव्हे, खालच्या खणात. रोज एकदा घडी उलगडून हवा दाखवा. फडकं कोरडं वाटलं तरच पाण्याचा एखादा शिपका.

आठवड्याभरात काही बिया टोकाशी उलतात आणि पांढरं, सुईच्या टोकाएवढं मूळ डोकावतं. ते दोन मिलिमीटरचं झालं की बी पेरायला तयार. सगळ्या बिया एकदम रुजत नाहीत. रुजलेल्या उचला, बाकीच्या परत घडीत ठेवा. मूळ लांब होण्याची वाट पाहू नका, लांब मूळ फडक्याच्या धाग्यांत अडकतं आणि उचलताना तुटतं. तुटलेल्या मुळाचं बी टाकूनच द्या.

पेरण्याच्या दोन-तीन तास आधी कुंडीला पोटभर पाणी द्या आणि निथळू द्या. बी एक ते दीड सेंमी खोल, आठ-दहा सेंमी अंतरावर ठेवा, वर भुरभुरीत माती टाका. पेरल्यावर पुन्हा पाणी घालायचं नाही. वरचा थर सुकायला लागला तर फवारा मारा, बस्स. ऊन तापत असेल तर कुंडी सावलीत सरकवा.

पहिली दोन पानं लांब, अरुंद पात्यांसारखी येतात आणि पालकासारखी मुळीच दिसत नाहीत. गवत समजून उपटू नका. मी उपटली आहेत.

वाढ

माती ओलसर ठेवा. पाणी सकाळी आणि मुळाशी द्या, पानांवर नको, नाहीतर केवडा रोगाला आमंत्रण मिळतं. पानात नागमोडी पांढरट रेघा दिसल्या तर ती नागअळी. ते पान लगेच खुडून टाका.

दिवस १३-१४ तासांपेक्षा मोठा झाला की पालक फुलोऱ्यावर येतो, उष्णतेने आणखी लवकर. मधून दांडा वर सरकतो, पानं टोकदार आणि कडवट होतात. दांडा छाटून रोप माघारी वळत नाही. दांडा दिसला त्याच दिवशी सगळं कापून स्वयंपाकघरात न्या.

काढणी ते ताट

कोवळी पानं महिन्याभरात, पूर्ण वाढलेली ४० ते ५० दिवसांत. बाहेरची पानं खुडा, मधला गाभा राखा. धुताना मोठ्या भांड्यात भरपूर पाणी घेऊन पानं बुडवा, हलवा आणि पानं वर उचलून घ्या. भांडं चाळणीत ओतलंत तर तळाला बसलेली माती परत पानांवर येते.

शिजवताना उकळत्या पाण्यात एक मिनिट, झाकण न ठेवता, आणि लगेच बर्फाच्या पाण्यात. हिरव्या रंगद्रव्याच्या मधोमध मॅग्नेशियम असतं. उष्णता आणि आम्लाने ते निसटतं आणि पानं शेवाळी, मळकट होतात. झाकण उघडं असलं की पानांतली उडून जाणारी आम्लं वाफेबरोबर निघून जातात. लिंबू पिळायचं ते ताटात, भांड्यात नव्हे. उकळलेलं पाणी फेका, कारण पालकातलं ऑक्सॅलेट, म्हणजे कॅल्शियमला बांधून ठेवणारं द्रव्य, विरघळून बरंचसं त्यात उतरतं. ज्यांना कॅल्शियम ऑक्सॅलेटचे मुतखडे होतात त्यांनी पालकाचं प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.

लोहासाठी पालक खा, हे अर्धवट सांगणं आहे. १०० ग्रॅम कच्च्या पालकात लोह साधारण २.७ मिलिग्रॅम असतं, पण त्यातलं थोडंच अंगी लागतं. लिंबातल्या क जीवनसत्त्वाने ते वाढतं. कॅल्शियमचंही तसंच: दुधातलं पाव हिश्श्याच्या आसपास शोषलं जातं, पालकातलं जेमतेम ५ टक्के. पालकाची खरी श्रीमंती के जीवनसत्त्व आणि फोलेटमध्ये आहे. के जीवनसत्त्व स्निग्ध पदार्थाबरोबर शोषलं जातं, म्हणून थोडं तेल किंवा लोणी हवंच. रक्त गोठू न देणारं वॉरफॅरिन हे औषध घेणाऱ्यांनी पालक एकदम वाढवू किंवा बंद करू नये. नेहमीचं प्रमाण कायम ठेवावं आणि बदलायचं झालं तर डॉक्टरांशी बोलून.

अर्धा किलो पानं शिजून मूठ-दोन मूठ उरतात, तेव्हा एका कुंडीने घर भागत नाही. पहिली पेरणी मातीत गेली की दोन आठवड्यांनी पुढचं बी रात्री भिजत घाला. तोवर फडकं धुऊन, उन्हात खडखडीत वाळवून ठेवा. आदल्या खेपेची बुरशी नव्या बियाला लागते.