डीव्हीडी रायटर डिस्कमागून डिस्क वाया घालवतोय? या चुका टाळा

लग्नाचं, बारशाचं किंवा बेळगावच्या शिवजयंती चित्ररथ मिरवणुकीचं शूटिंग एडिट होतं, खेड्यावरच्या नातेवाइकांसाठी डीव्हीडी काढायला घेतल्या जातात आणि तिसरी डिस्कही ७० टक्क्यांवर अडकते. मग 'रायटर गेला' म्हणून नवा आणला जातो आणि तोही चौथ्या दिवशी तसाच वागतो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. यूएसबीवर चालणारे स्लिम रायटर मरतात हे खरं, पण त्याआधी वीज, डिस्क, लेन्स आणि फाइल या चार गोष्टी तपासायच्या, आणि याच क्रमाने. वीज फुकटात तपासता येते, पुढच्या तपासणीत डिस्क खर्ची पडतात.

वीज अपुरी, खापर रायटरवर

यूएसबी २.० पोर्ट नियमाप्रमाणे ५ व्होल्टवर ५०० मिलिअँपिअर देतो, ३.० पोर्ट ९०० मिलिअँपिअर. आता रायटर उलटा करून खालचं लेबल वाचा. बऱ्याच स्लिम मॉडेलवर १ अँपिअर किंवा त्याहून जास्तीचा आकडा छापलेला असतो. एवढा करंट सतत लागत नाही. डिस्क वेग घेताना आणि लेसर लिहिताना लागतो. म्हणून जुनी सिनेमाची डीव्हीडी त्यावर छान चालते, पण राइट करायला घेतलं की आतून टक-टक आवाज येतो, दिवा विझून पेटतो आणि 'माय कॉम्प्युटर'मधून ड्राइव्हच नाहीसा होतो. ही लक्षणं दिसली तर लेन्सकडे वळूच नका, दोष विजेचा आहे.

डेस्कटॉप असेल तर कॅबिनेटच्या पुढचा पोर्ट सोडून मागे, थेट मदरबोर्डवरच्या पोर्टला जोडा. पुढचे पोर्ट आतल्या बारीक वायरीवरून येतात आणि त्यात व्होल्टेज पडतं. बिनाअडॅप्टरचा हब (एका पोर्टचे अनेक करणारा डबा) तर अजिबात नको, एक्स्टेंशन केबलही नको. दोन तोंडांची वाय केबल मिळाली तर दोन्ही तोंडं लावा. बऱ्याच रायटरची केबल खालच्या खाचेत दुमडून ठेवायची असते, ती वळणावरच आतून तुटते. राइट चालू नसताना केबल हलवून पाहा. ड्राइव्ह येत-जात असेल तर केबल संपली.

रायटरला पॉवरची वेगळी पिन असेल तर त्यावर छापलेल्या व्होल्टेजचाच अडॅप्टर लावायचा, स्लिममध्ये तो ५ व्होल्टचा असतो. वायफाय राउटरचा अडॅप्टर पिनीत बसतो म्हणून लावणारे कमी नाहीत. तो बहुधा ९ किंवा १२ व्होल्टचा असतो, आणि मग रायटर खरोखरच जातो.

लाइटचंही बघा. खानापूर तालुक्यात पावसाळ्यात वीज कधी दगा देईल सांगता येत नाही. लॅपटॉपला बॅटरी असते, पण डेस्कटॉप नुसत्या घरच्या इन्व्हर्टरवर असेल तर बदलाच्या क्षणी मशीन रीस्टार्ट होऊ शकतं. एकदाच लिहिता येणारी डिस्क मध्येच तुटली की गेलीच. कॉम्प्युटरला यूपीएस हवाच. शिवाय विंडोजच्या पॉवर ऑप्शनमध्ये 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड' बंद करा आणि राइट होईपर्यंत स्लीपही बंद ठेवा.

स्वस्त डिस्क, जुनी डिस्क

पन्नासच्या डब्यातली डिस्क किती वर्षं दुकानात पडून आहे ते डब्यावरून कळत नाही. मोझर बेअर ही भारतातली मोठी डिस्क कंपनी २०१८ मध्ये अवसायनात गेली. तिच्या डिस्क कपाटात असतील तर त्यांचं वय तुम्हीच मोजा. खालच्या बाजूचा रंगद्रव्याचा थर ऊन आणि दमट हवा खाऊन खराब होतो, कोरी डिस्कसुद्धा त्यातून सुटत नाही.

'पॉवर कॅलिब्रेशन एरिया एरर' आला तर त्याचा अर्थ असा: लिहिण्याआधी लेसर डिस्कच्या आतल्या कडेला चाचणी घेऊन आपली ताकद ठरवतो, आणि ती चाचणीच फसली. पहिला संशय डिस्कवर, मग विजेवर, मग लेन्सवर आणि शेवटी थकलेल्या लेसरवर. इम्गबर्न हा फुकट प्रोग्रॅम उघडून कोरी डिस्क घातली की उजव्या चौकटीत डिस्कचा आयडी दिसतो. वेष्टनावर नाव कुठलंही असो, डिस्क कुणी बनवली ते त्यावरून कळतं. दुसरा डबा घेताना आयडी वेगळा आहे ना ते पाहा, नाहीतर नाव बदलून तीच डिस्क पुन्हा आणाल.

इम्गबर्नमधला 'टेस्ट मोड' फार कामाचा आहे. त्यात डेटा जातो, डिस्क फिरते, पण लेसर प्रत्यक्ष लिहीत नाही, त्यामुळे डिस्क कोरी राहते. टेस्ट मोडही मध्येच तुटला तर दोष पोर्ट, केबल किंवा कॉम्प्युटरचा. टेस्ट सरळ पार पडली आणि खरं राइट फसलं तर डिस्क, लेसर किंवा लिहितानाची जादा वीज. मात्र ही सोय डीव्हीडी-आर या प्रकारच्या डिस्कवर चालते, डीव्हीडी+आर या प्रकारावर नाही. जुन्या प्लेअरलाही डीव्हीडी-आर जास्त मानवते, म्हणून वाटायच्या प्रती त्यावरच काढलेल्या बऱ्या.

वेग ४एक्स ठेवा. एक्स म्हणजे सेकंदाला साधारण १.३८५ एमबी, म्हणजे भरलेली डिस्क ४एक्सवर सुमारे १४ मिनिटांत होते. ८एक्सवर वाचणाऱ्या मिनिटांसाठी काठाजवळच्या चुका ओढवून घ्यायचं काही कारण नाही. लग्नाच्या व्हिडिओत शेवटचा भाग अडखळतो तो बहुधा यामुळेच, कारण डिस्क आतून बाहेर लिहिली जाते. प्रत्येक प्रतीनंतर 'व्हेरिफाय' (लिहिलेलं पुन्हा वाचून पडताळणं) चालू ठेवा. आणि नवरा-नवरीचा फोटो छापलेलं कागदी स्टिकर डिस्कवर चिकटवू नका. तोल बिघडतो, डिस्क थरथरते. डिस्कसाठीच्या मार्करने नाव लिहिलं की काम झालं.

लेन्स

निपाणीकडे तंबाखूची बारीक धूळ, घाटाच्या बाजूला दमट हवा; दोन्ही लेन्सवर बसतात. स्लिम रायटरचा ट्रे बाहेर काढला की लेन्स समोरच दिसते, हरभऱ्याहून लहान. यूएसबी काढून ठेवा, आधी रबरी ब्लोअरने हवा मारा. तोंडाने फुंकलं तर थुंकीचे थेंब बसतात. मग कापसाच्या काडीवर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल नुसतं ओलावण्यापुरतं घेऊन हलकेच एक फेरा. दाब देऊ नका, लेन्स केसासारख्या तारांवर लटकलेली असते. काच पुसायचं लिक्विड, सेंट, रुमाल, सगळं वर्ज्य. बाहेरच्या थंड पावसातून रायटर घरात आणला असेल तर तासभर तसाच ठेवून मग लावा.

साफ करूनही फरक पडत नसेल तर एक छापील सीडी आणि एक छापील डीव्हीडी घालून पाहा. सीडीचा लेसर ७८० नॅनोमीटरचा, डीव्हीडीचा ६५० चा. सीडी चालते आणि डीव्हीडी दिसतच नाही, असं झालं तर डीव्हीडीचा लेसर थकला असण्याची शक्यता मोठी.

राइट झालं, पण टीव्हीवर लागत नाही

इथे रायटरचा काडीमात्र दोष नसतो. एमपी४ फाइल ओढून डिस्कवर टाकली तर ती डेटा डिस्क होते. जुन्या प्लेअरला 'व्हिडिओ_टीएस' फोल्डर लागतो, आत आयएफओ, बीयूपी आणि व्हीओबी फाइली. आपल्याकडे टीव्हीची पाल पद्धत: ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम, एमपेग-२, आवाज ४८ किलोहर्ट्झ. विंडोज डिस्क घातल्यावर 'यूएसबी फ्लॅश ड्राइव्हसारखी वापरा' असं विचारतं, तो पर्याय घेतला तर प्लेअर डिस्क ओळखतच नाही.

एडिटिंगच्या टाइमलाइनवरून थेट राइट करणं ही सगळ्यांत महागडी सवय. एन्कोडिंग (व्हिडिओ डीव्हीडीच्या साच्यात बदलणं) आणि लेखन एकाच वेळी चालतं, आणि एक अडलं की दोन्ही जातं. आधी फोल्डर किंवा आयएसओ फाइल (पूर्ण डिस्कची एकाच फाइलमधली नक्कल) हार्ड डिस्कवर बनवा, ती व्हीएलसी प्लेअरमध्ये पूर्ण चालवून पाहा, मगच राइट करा. त्या वेळी एडिटिंग प्रोग्रॅम बंद. सगळ्या प्रती त्याच आयएसओवरून काढता येतात.

वेष्टनावर ४.७ जीबी लिहिलेलं असतं, विंडोज तेच ४.३८ दाखवतं. व्हिडिओ किती मिनिटांचा यावरून बिटरेट (सेकंदाला किती डेटा) ठरवा: दोन तासांना आवाजासकट सेकंदाला सुमारे ५ मेगाबिट, तीन तासांना ३.५. तीन तासांत अक्षता पडताना चित्राचे चौकोन होतात, त्यापेक्षा दोन डिस्क कराव्यात. तासाभराचा व्हिडिओ असला तरी ८ च्या वर जाऊ नका, जुने प्लेअर धापा टाकतात.

दोन चुका सहज नजरेतून सुटतात. फोल्डरला 'लग्न निपाणी' असं देवनागरीत किंवा कन्नडमध्ये नाव दिलं की काही जुने ऑथरिंग (व्हिडिओची डीव्हीडी तयार करणारे) प्रोग्रॅम फाइल सापडत नाही म्हणून थांबतात. काम चालू असताना नावं इंग्रजी अक्षरांत, स्पेस न देता ठेवा. दुसरं, आयएसओ पेन ड्राइव्हवर ठेवताना तो फॅट३२ असेल तर ४ जीबीच्या वरची फाइल त्यावर मावत नाही. एनटीएफएस किंवा एक्सफॅट करून घ्या, पण फॉरमॅटआधी पेन ड्राइव्हवरचं सगळं दुसरीकडे हलवा.

ड्राइव्ह दिसतो पण डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळी खूण आणि कोड १९ किंवा ३९ असेल तर तो बहुधा सॉफ्टवेअरचा घोळ. रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या नोंदवहीत) डीव्हीडी ड्राइव्हच्या गटातल्या 'अपरफिल्टर्स' आणि 'लोअरफिल्टर्स' या नोंदी काढून रीस्टार्ट केलं की सुटतो. आधी रजिस्ट्रीचा बॅकअप घ्या, हे काम अंदाजाने करायचं नाही.

खरंच गेला असेल तर

दुसऱ्या कॉम्प्युटरवर, दुसऱ्या केबलने, चांगल्या डिस्कवरही राइट होत नसेल तर दुरुस्तीच्या फंदात पडू नका. नवा लेसर बसवण्याचा खर्च नव्या रायटरच्या जवळ जातो. डिस्क आत अडकली असेल तर यूएसबी काढून पुढच्या बारीक छिद्रात सरळ केलेली पेपर क्लिप घाला, ट्रे सुटतो. जुन्या डेस्कटॉपमधला साटा (आतून मदरबोर्डला जोडायचा) रायटर पडून असेल तर तो यूएसबी अडॅप्टरवर चालवता येतो, फक्त त्याला ५ बरोबर १२ व्होल्टही लागतात. नुसत्या यूएसबीवर चालणारा हार्ड डिस्कचा अडॅप्टर घेऊन येऊ नका, वेगळ्या पॉवर सप्लायसकट येणारा मागा.