क्षेत्रभेटीत नेमकं काय चुकतं? मराठवाड्यातल्या शिक्षकांनो, या चुका टाळा

महाराष्ट्र बोर्डाच्या दहावीच्या भूगोलात पहिलाच पाठ क्षेत्रभेटीचा आहे. तरी बऱ्याच शाळांत क्षेत्रभेट म्हणजे डिसेंबरातली सहल: गाडी, पैठण, नाथसागर, उद्यान, फोटो, परत. सहल जरूर काढा, पोरांचा तो हक्क आहे. पण तिला पर्यावरण शिक्षणाच्या खात्यात जमा करू नका. पर्यावरणाचं शिकणं शाळेपासून पायी पंधरा मिनिटांत जाता येईल अशा जागी जास्त होतं: शेताचा बांध, गायरान, ओढा, गावाची विहीर. नव्या, लांबच्या जागी मुलांचं पहिलं लक्ष जागेकडे जातं. जेवण कधी, लघवीला कुठं जायचं, माकडं आहेत का, हे कळेपर्यंत निम्मा वेळ जातो. लांब जायचंच असेल तर हे सगळं आदल्या दिवशी वर्गात सांगून टाका आणि फळ्यावर जागेचा नकाशा काढा.

प्रश्न न घेता निघणं

"निरीक्षण करा" असं सांगून मुलांना सोडलं की वहीत येतं, "तिथे खूप झाडे होती. निसर्ग सुंदर होता." चाळीस रिकाम्या जागांची छापील पत्रिका दिली तर पहिल्या बाकावरच्या मुलीचं सगळे उतरवून काढतात. एका भेटीला एक प्रश्न पुरे. त्याचं उत्तर मोजून मिळालं पाहिजे आणि निघण्यापूर्वी प्रत्येक मुलानं स्वतःचा अंदाज वहीत लिहिलेला असला पाहिजे. "गावातलं पाणी" हा प्रश्न होत नाही. "काळ्या रानात पाणी लवकर मुरतं की मुरमाड माळावर, आणि किती फरकानं?" हा होतो. अंदाज आधी लिहिलेला असला की मोजताना मुलगा स्वतःशीच पैज लावून उभा असतो. त्याला गप्प बसा म्हणावं लागत नाही.

वहीच्या पानावर तीन रकाने आखा: पाहिलं, मोजलं, वाटलं. "पाणी घाण आहे" हे तिसऱ्या रकान्यात जातं. "पाण्यावर हिरवा थर आहे, काठावर दोन प्लास्टिक पिशव्या" हे पहिल्यात. आठवीपर्यंत एवढा भेद पक्का झाला तरी खूप झालं.

चुकीचा महिना

जून-जुलैत पेरणीची धांदल असते, शेतकऱ्याला बोलायला वेळ नसतो. ऑगस्ट ते ऑक्टोबर कापूस, सोयाबीन, तुरीवर फवारण्या चालतात. उभ्या पिकात मुलांना नेऊ नका, बांधावर जायचं असेल तरी "फवारा कधी मारला?" हे मालकाला आधी विचारा. गवतं ओळखायची असतील तर सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबर, कारण तेव्हा ती फुलोऱ्यात असतात. मार्चमध्ये गायरानावर ओळखण्यासारखं काही उरत नाही. एप्रिलात जायचंच असेल तर सकाळी सातला निघून साडेनवाच्या आत परत.

माती: जिथे प्रयोग हमखास उलटा पडतो

पाणी मुरण्याचा प्रयोग सोपा आहे. साधारण 15 सेंटिमीटर व्यासाचा पत्र्याचा डबा घ्या, झाकण आणि बूड दोन्ही कापा. वर फळी ठेवून फळीवर हातोडा मारत डबा 5 सेंटिमीटर आत जाऊ द्या. आत 450 मिलिलिटर पाणी ओता. एवढ्या व्यासात हे पाणी अडीच सेंटिमीटर उंच उभं राहतं. ते मुरायला किती वेळ लागला, ते घड्याळावर पाहायचं.

आता चुका. उन्हाळ्यात किंवा कडक उघडिपीत काळं रान भेगाळलेलं असतं. भेगेवर डबा ठोकला की पाणी क्षणात गडप होतं आणि मुलं लिहितात, "काळ्या मातीत पाणी सर्वांत लवकर मुरते." प्रयोग खरा, निष्कर्ष नेमका उलटा. काळ्या मातीतली चिकण ओली झाली की फुगते, भेगा बुजतात आणि मग पाणी मुरायला तासन्‌तास लागतात. म्हणून दोन भेगांच्या मधली जागा निवडा, आदल्या संध्याकाळी डब्यात दोनदा पाणी जिरवून ठेवा आणि दुसऱ्या दिवशीचं मोजमाप धरा. सगळं पाणी मुरायची वाट बघत बसू नका, तास संपून जाईल. डब्याच्या आत प्लास्टिकची पट्टी उभी धरा आणि 15 आणि 30 मिनिटांनी पातळी किती मिलिमीटर उतरली ते लिहा. कोरड्या भेगेचा आकडाही फेकू नका. पहिल्या पावसाचं पाणी भेगांतून खोल जातं आणि पुढच्या पावसाचं वाहून जातं, हे त्या दोन आकड्यांतूनच मुलांना समजतं.

माळावर वेगळी अडचण येते. मुरमात डबा शिरत नाही, जोर लावला तर पत्रा वाकतो आणि पाणी कडेनं निसटतं. तिथे जेवढा जाईल तेवढाच आत घालावा आणि बाहेरून ओल्या काळ्या मातीचा कठडा थापून बंद करावा. ओतण्यापूर्वी मातीवर प्लास्टिकचा तुकडा अंथरा, त्यावर पाणी ओता आणि तुकडा हलकेच ओढून घ्या. नाहीतर पाण्याच्या धारेनं वरची माती ढवळून छिद्रं बुजतात. प्रत्येक जागी किमान तीन डबे लावा. एका डब्याखाली उंदराचं बीळ निघालं तर कळणार कसं?

बाटलीत माती ढवळून थर पाहण्याचा प्रयोगही बहुतेक ठिकाणी अर्धवट होतो. सरळ भिंतीच्या एक लिटरच्या पारदर्शक बाटलीत एक तृतीयांश माती, वर पाणी, आणि एक चहाचा चमचा कपडे धुण्याची पावडर. पावडर विसरली की चिकण मातीची ढेकळं फुटत नाहीत, वाळूसारखी तळाला बसतात आणि काळी माती "वाळूमिश्रित" ठरते. पाच मिनिटं जोरात हलवून बाटली ठेवली की एका मिनिटानं वाळूची रेघ मारायची, दोन तासांनी पोयट्याची, म्हणजे बारीक गाळाची. चिकणमाती बसायला एक-दोन दिवस लागतात, काळ्या रानाची असेल तर त्याहून जास्तही. पाणी नितळल्याशिवाय शेवटची रेघ मारू नका. आणि माती भरण्यापूर्वी चुनखडीचे पांढरे खडे वेचून काढा. आपल्याकडच्या रानांत ते भरपूर असतात आणि वाळूच्या थरात जाऊन बसतात. बाजूला काढलेल्या खड्यावर लिंबू पिळून बुडबुडे दाखवा, मुलं विसरत नाहीत.

विहीर: दरमहा एक आकडा, पण खरा

वर्षभर एकाच विहिरीची पातळी मोजणं यासारखा स्वस्त आणि दमदार उपक्रम मराठवाड्यात दुसरा नाही. तो फसतो तो मोजण्याच्या पद्धतीमुळे.

जागा पक्की करा. कठड्यावर रंगानं एक खूण करा, दर वेळी तिथूनच टेप सोडा. टोकाला जड नट बांधा. सुतळी वापरू नका, भिजल्यावर तिची लांबी बदलते. टेप पाण्याला टेकल्याचा आकडा घ्या, त्यातून कठड्याची जमिनीपासूनची उंची वजा करा. ही वजाबाकी एका महिन्यात केली आणि दुसऱ्यात राहिली, की पाणी अर्धा-पाऊण मीटर "उतरतं".

मोटार चालू असताना किंवा नुकती बंद झाल्यावर घेतलेला आकडा विहिरीचा नसतो, उपशाचा असतो. शेतीची लाइट कधी दिवसा, कधी रात्री येते, तेव्हा मालकाला विचारून मोटार सुरू होण्यापूर्वीची वेळ ठरवा. शेजारच्या बोअरचा उपसाही विहिरीत दिसतो, म्हणून आकड्यापुढे "मोटार: बंद/चालू, शेजारचा बोअर: बंद/चालू" असं लिहायची सवय लावा.

डिसेंबरात पाणी अचानक वर आलेलं दिसलं तर मुलांना खोटं ठरवू नका. जालना, परभणीकडे जायकवाडी धरणाच्या डाव्या कालव्याजवळच्या विहिरींना पाटाला पाणी सुटल्यावर पाझर येतो. आवर्तनाच्या, म्हणजे पाटाला पाणी सुटण्याच्या, तारखा वहीत टिपून ठेवा.

पातळीसोबत विहिरीची भिंतही वाचायला शिकवा: वर काळी माती, खाली मुरूम, मग भेगांचा खडक, तळाला कातळ. पाझर कुठल्या थरातून येतो ते टॉर्चच्या उजेडात दिसतं. बहुतेक मुलांच्या मनात जमिनीखालून नदी वाहते आणि विहीर म्हणजे तिला पाडलेलं भोक, असंच चित्र असतं. आपल्या बेसाल्ट खडकात पाणी भेगांत आणि मुरमात साठतं, हे शब्दांत सांगून पटत नाही.

पाण्याची प्रत तपासताना टीडीएस मीटरवर 300 आलं की "पाणी शुद्ध" असं जाहीर होतं. मीटर फक्त विरघळलेले क्षार दाखवतो. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात 500 मिलिग्रॅम प्रति लिटरपर्यंत क्षार चालतात, दुसरा स्रोत नसेल तर 2000 पर्यंत. पण जंतू या आकड्यात दिसतच नाहीत. त्यासाठी एचटूएसची (हायड्रोजन सल्फाइड चाचणीची) बाटली लागते: नमुना भरून उबदार जागी ठेवायचा, 24 ते 48 तासांत काळा पडला तर पाणी संशयास्पद. पहिल्या दिवशी काळा पडला नाही म्हणून बाटली धुऊन ठेवू नका.

म्हाताऱ्या माणसांच्या मुलाखती हा याच उपक्रमाचा भाग. "पूर्वी पाणी खूप होतं का?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं. त्याऐवजी विचारा, "आजोबा, तुमच्या विहिरीला कोणत्या सणापर्यंत पाणी पुरायचं? दिवाळी, संक्रांत, शिमगा की पाडवा?" साल विचारण्याऐवजी "1972 च्या दुष्काळाच्या आधी की नंतर?" असं विचारा. परस म्हणजे माणसाच्या अंगावरून धरलेलं खोलीचं माप. "तीन परस पाणी होतं" असं कोणी म्हणालं तर तिथल्या तिथे त्यांच्याकडूनच एक परस फुटपट्टीनं मोजून घ्या. तो माणसागणिक बदलतो.

चौरस मीटरची चौकट

एक मीटर बाजूची सुतळीची चौकट, चार खुंट्या. मुलं ती हिरवळ दाट असते तिथेच टाकतात. जागा चिठ्ठीनं ठरवा: दोन चिठ्ठ्या काढायच्या, एकीवर कडेनं किती पावलं, दुसरीवर आत किती. गायरानात दहा चौकटी, बांधावर दहा.

नावांचा घोळ फार होतो. एका गटाचं गाजर गवत, दुसऱ्याचं काँग्रेस गवत, आणि फळ्यावर दोन जाती. घाणेरी आणि टणटणीचंही तसंच. गट परतले की आधी नमुने समोरासमोर ठेवून नावं जुळवा. नाव माहीत नसेल तर "अनोळखी 1" लिहून पानाचं चित्र काढायचं, अंदाजानं नाव द्यायचं नाही. हराळीसारखं पसरणारं गवत मोजताना "किती रोपं" हा प्रश्नच चुकतो. चौकटीत सुतळीनं शंभर घरं पाडा आणि किती घरांत हराळी आहे ते मोजा. गाजर गवत हातानं उपटू देऊ नका, त्वचेला खाज आणि पुरळ येतो.

पर्जन्यमापक

पाण्याची बाटली कापून केलेला मापक तळाशी गोल असतो, पहिले काही मिलिमीटर चुकतातच. तळात सिमेंट ओतून सपाट करा किंवा सरळ भिंतीचा डबा घ्या. झाड-भिंतीपासून त्यांच्या उंचीच्या दुप्पट अंतर ठेवा. हवामान खात्याप्रमाणे रोज सकाळी साडेआठला वाचन घ्या. 10 मिलिमीटर पावसात 20 बाय 6 मीटरच्या छतावर 1200 लिटर पाणी पडतं. हे गणित मुलांकडूनच करून घ्या.

गट आणि कामं

चाळीस मुलांपुढे विहिरीच्या काठी व्याख्यान देऊ नका, मागच्या वीस जणांना काही दिसत नाही. पाच-सहा जणांचा गट करा: मोजणारा, वाचणारा, लिहिणारा, वेळ पाहणारा, साहित्य सांभाळणारा. प्रत्येक जागी कामं बदला. न बदलल्यास टेप मुलांच्या हातात आणि पेन मुलींच्या हातात जातं, आणि वर्षभर तसंच राहतं.

जिवाशी खेळ होणाऱ्या चुका

कठडा नसलेल्या विहिरीवर वर्ग नेऊ नका, मोठा माणूस सोबत असला तरी नाही. वडा-पिंपळावर आग्या मोहोळ आहे का ते आदल्या दिवशी बघून या, आणि त्याखाली धूर, अत्तर, आरडाओरडा नको. दगडगोटे हातानं उलटवू देऊ नका, माळावर त्यांच्याखाली फुरसं असू शकतं. साप चावलाच तर चिरणं, चोखणं, आवळून बांधणं यात वेळ घालवू नका. चावलेला भाग हलू न देता 108 वर फोन करा. सर्पदंशावरचं प्रतिविष जवळच्या कोणत्या रुग्णालयात आहे हे निघण्यापूर्वीच विचारलेलं असावं. जून आणि ऑक्टोबरात दुपारनंतर वीज पडण्याचा धोका मोठा. विजेचा इशारा देणारं दामिनी ॲप पाहा. वीज चमकल्यापासून गडगडाट तीस सेकंदांच्या आत ऐकू आला तर लगेच पक्क्या इमारतीत जा आणि शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं बाहेर पडू नका. झाडाखाली आसरा घेणं नको.

परत आल्यावर सगळं संपवून टाकणं

भेटीनंतरचे दोन तास वेळापत्रकात आधीच राखून ठेवा. एका तासात सर्व गटांचे आकडे फळ्यावर, दुसऱ्यात आलेख आणि वाद. दोन गटांचे आकडे जुळत नसतील तर सरासरी काढून मोकळं होऊ नका, कोणी कुठे आणि कसं मोजलं ते आधी शोधा. शिकणं तपासायला निबंध नको. भेटीपूर्वी आणि भेटीनंतर एकच चित्र काढायला द्या: "पावसाचं पाणी विहिरीत कसं येतं?" दुसऱ्या चित्रात चार गोष्टी शोधा: मुरूम दाखवला का, खडकातल्या भेगा दाखवल्या का, उपशामुळे पातळी उतरते हे आलं का, शेजारचा बोअर जोडला गेला का.

नोंदवही एकच ठेवा, ती पुढच्या वर्षीच्या वर्गाला जाते. पहिल्या पानावर कठड्याची उंची, खुणेची जागा आणि मोजण्याची वेळ लिहा. ज्या महिन्यात मोजता आलं नाही तिथे मागच्या-पुढच्या आकड्यांवरून अंदाज भरू नका. रकाना कोरा सोडून शेजारी कारण लिहा: मालक गावाला गेले होते, किंवा मोटार चालू होती.