कुत्रं जेवत नाहीये? गोळी नंतर, आधी ओठ उचलून हिरड्या बघा

कुत्र्याने एक दिवस भाकरीला तोंड लावलं नाही की आपल्याकडे घरात कोणीतरी म्हणतं नजर लागली आणि कोणीतरी कपाटातून तापाची गोळी काढतं. भो, ती गोळी आधी परत ठेव. आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात अल्सर होतो, किडनी जाते, पॅरासिटामॉल लिव्हरवर येतं, डॉक्टरने सांगितल्याशिवाय द्यायचंच नाही.

आधी ओठ वर करून हिरडी बघा. निरोगी असेल तर गुलाबी दिसते, बोटाने दाबून सोडली की पांढरी होते आणि दोन सेकंदाच्या आत परत गुलाबी. फिक्कट पांढरी असेल तर रक्त कमी झालंय, पिवळी असेल तर कावीळ, विटेसारखी लालभडक असेल तर उष्माघात किंवा मोठं इन्फेक्शन. ज्यांची हिरडी काळीच असते त्यांच्या डोळ्याची खालची पापणी ओढून आतून बघायचं. मग ताप, डिजिटल थर्मामीटरला व्हॅसलिन लावून शेपटीखाली, 100.5 ते 102.5 फॅरनहाइट नॉर्मल. नाक कोरडं म्हणून ताप, असलं काही नसतं.

हिरड्या फिक्या आणि ताप 103 च्या वर असेल तर माझा पहिला संशय गोचीडावर. कानाच्या आत, पंजांच्या बोटांमध्ये, पट्ट्याखाली चाचपून बघा. गोचीड तापात कुत्रं सुस्त पडतं, खात नाही, कधी नाकातून रक्त येतं, आणि बबेसिया (गोचीडातून रक्तात शिरणारा परजीवी) असेल तर लघवी काळ्या चहासारखी होते. रक्त तपासून प्लेटलेट बघितल्याशिवाय नुसत्या अंदाजावर औषध नको. एर्लिकिया (गोचीडातूनच येणारा दुसरा जंतू) निघाला तर डॉक्टर बहुतेक वेळा डॉक्सीसायक्लिन 28 दिवस देतात, अन् इथंच लोकं घोळ करतात, चौथ्या दिवशी कुत्रं शेपटी हलवायला लागलं की कोर्स बंद. पूर्ण करा ना बाप्पा. ती गोळी जेवणासोबत द्यायची, उपाशीपोटी दिली तर ओकून टाकतं.

गोचीड काढताना चिमट्याने कातडीजवळ धरून सरळ ओढा, नखाने चिरडू नका, रॉकेल तर नाहीच. हे तपकिरी गोचीड भिंतीच्या भेगेत, खाटेच्या सांध्यात अंडी घालतं, त्यामुळे नुसतं कुत्रं साफ करून भागत नाही, घर पण बघावं लागतं. आणि गोठ्यातलं म्हशीचं औषध अंदाजाने पाण्यात कालवून कुत्र्याला चोळू नका, ते चाटतं आणि विष पोटात जातं.

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 45 च्या आसपास जातो तेव्हा धापा, घट्ट लाळ, लाल हिरड्या, लटपटणारे पाय दिसले की सावलीत घ्या, पोटावर पायावर पाणी ओतत राहा, समोर कूलर किंवा पंखा लावा. ओला टॉवेल अंगावर टाकून ठेवू नका, गरमी आतच अडकते. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी ओतायचं नाही. ताप उतरून 103 पर्यंत आला की पाणी थांबवा आणि उठून बसलं तरी दवाखान्यात न्याच, किडनीचं दुखणं नंतर निघतं.

बाकीचं थोडक्यात सांगतो. लहान पिल्लू उलट्या करतंय आणि रक्ताची घाण वासाची हगवण लागलीय, तर पार्व्हो (पिल्लांना होणारा जीवघेणा विषाणूचा आजार) समजा आणि त्याच तासाला निघा, सलाइनशिवाय वाचणं अवघड असतं. खरजेला गाडीचं जळालेलं ऑइल लावायची पद्धत सोडून द्या, त्वचा खरवडून तपासली की किडा कोणता ते कळतं. जखमेत आळ्या पडल्या तर पेट्रोल-फिनाइल नको. कपाशीवर फवारणी झालीय आणि कुत्रं लाळ गाळत थरथरतंय, तर मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका, औषधाची बाटली सोबत घेऊन दवाखाना गाठा. गाडी नसेल तर 1962 वर फोन करून फिरत्या दवाखान्याचं विचारा.

एका ठिकाणी मात्र घरचा इलाज बिलकुल नाही. कुत्र्याचा जबडा लोंबतोय, लाळ गळतेय, पाणी गिळता येत नाही, आवाज बदललाय, तर घशात हाड अडकलं असेल म्हणून हात घालू नका, रेबीज असू शकतो. चावलं किंवा ओरखड्यावर लाळ लागली तर 15 मिनिटं वाहत्या पाण्यात साबणाने धुवा, हळद-मिरची लावू नका, आणि लसीसाठी त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा.