सांगलीत पायाचे खोदकाम देण्यापूर्वी
कृष्णाकाठची काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. म्हणून सांगलीत पायाची खोली ठेकेदाराच्या अंदाजावर न सोडता अभियंत्याकडून लिहून घ्यावी.

जेसीबीचा दर तासावर की ब्रासवर, हे आधी ठरवावे. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, त्यामुळे २० फूट लांब, १० फूट रुंद आणि ५ फूट खोल खड्डा १० ब्रासचा भरतो. परंतु उकरलेली माती सुटी होऊन जास्त जागा व्यापत असल्याने मोजणी खड्ड्याची धरायची की डंपरची, हे कागदावर असलेच पाहिजे. तासाचा दर असल्यास जेसीबीवरच्या तास मोजणाऱ्या मीटरचे आकडे स्वतः टिपावेत. कातळ लागल्यास तो फोडणाऱ्या ब्रेकरचा दर निराळा असतो, तोही विचारावा.

हद्दीच्या खुणा आणि नळ, वीज, सांडपाण्याच्या वाहिन्या फक्कीने आखून चालकाला प्रत्यक्ष दाखवाव्यात. आमच्याकडे हे राहून गेले आणि बकेटच्या दातात शेजाऱ्यांचा नळ अडकून वर आला. त्याची रुखरुख मला अजून आहे.

माती किंवा मुरूम बाहेर न्यायचा असल्यास तहसील कार्यालयात गौण खनिजाच्या परवानगीची चौकशी करावी. उकरलेली माती कडेपासून तीन-चार फूट दूर टाकावी, पाच फुटांहून खोल खड्ड्याच्या बाजू उतरत्या ठेवाव्यात आणि लहान मुले फिरकू नयेत म्हणून संध्याकाळी काम थांबण्यापूर्वीच भोवती कठडा बांधून घ्यावा.