अण्णांच्या छातीवरची पट्टी

अण्णांची छाती मधूनच धडधडायची आणि दवाखान्यात गेलं की ईसीजी अगदी नॉर्मल. शेवटी डॉक्टरांनी सात दिवस छातीवर लावायची, हृदयाचे ठोके सतत टिपणारी वायरलेस पट्टी दिली. ज्येष्ठातला देवगडचा उकाडा. तिसऱ्या दिवशी ती बनियनला चिकटलेली सापडली. पट्टीत खोट नव्हती, अण्णा रोज अंगाला खोबरेल चोळतात ते मी विसरलो होतो.

दुसरी लावताना शिकलो ते सांगतो. दोन दिवस आधीपासून तेल बंद. छातीवरचे केस काढा. साध्या साबणाने धुवा, पंच्याने टिपा आणि पंख्याखाली दहा मिनिटं बसवा. पावडर नको. मग कोरड्या गॉजने हलकेच घासा: वरची मृत कातडी निघाली की हृदयाचा क्षीण विद्युत संकेत पट्टीतल्या इलेक्ट्रोडपर्यंत (तो टिपणाऱ्या चकतीपर्यंत) नीट पोचतो. लावताना हात सैल सोडून बसायचं, कातडी ताणायची नाही. तळव्याने दोन मिनिटं दाबून धरा; उबेने गोंद धरतो. त्यानंतर तासभर तरी घाम येईल असं काम नको. (अण्णा लगेच कोयता घेऊन आगरात निघाले होते.)

"आंब्याच्या पेटीला लावतात तसलं लेबल लावलंस मला," म्हणाले. लेबल खरंच, पण ताणणारं. इलिनॉय विद्यापीठातल्या जॉन रॉजर्स यांच्या गटाने २०११ साली कातडीसारखी ताणली जाणारी सर्किटं दाखवली, त्यांतली युक्ती मला फार आवडते. धातू ताणत नाही, म्हणून तारा आंबा घाटाच्या वळणांसारख्या नागमोडी ठेवायच्या. कातडी ताणली की वळणं उलगडतात, तार तुटत नाही.

पट्टी नोंदी ब्लूटूथने मोबाइलवर पाठवते. मोबाइल माजघरात आणि अण्णा खळ्यात, मधे जांभ्याची जाड भिंत, असं केलंत तर ब्लूटूथ तुटणारच. शरीरातलं पाणीही त्या लहरी शोषतं, म्हणून फोन मागच्या खिशात नको, लेंग्याच्या पुढच्या खिशात ठेवा. धडधडलं की वेळ वहीत लिहा: "४.१०, रहाट ओढताना." पुरळ किंवा फोड आले तर पट्टी काढून डॉक्टरांना फोन करा. छातीत कळ आली तर मात्र पट्टीच्या भरवशावर बसू नका, थेट इस्पितळ गाठा.

सात दिवसांनी काढताना ओढायची नाही. कडेने खोबरेल सोडा, पाच मिनिटं थांबा, एका हाताने कातडी दाबून पट्टी हळूच गुंडाळत न्या. अण्णांनी उरलेलं तेल तिथल्या तिथे छातीला चोळून टाकलं.